सही कोणाची? : स्मृतिभ्रंश-संशोधनाच्या जाळ्याची हकीकत

गेल्या पावसाळ्यात एके सकाळी एक बाई छत्री दाराशी ठेवून आमच्या कार्यालयात आल्या. त्यांचे सासरे आमच्या देवस्थानाचे जुने मुखत्यार. पालखीला कोणत्या घराण्याने कोणत्या क्रमाने खांदा द्यावा, कोणत्या साली सभामंडपाची कौले बदलली, कोणत्या कुळागराचा कोणता आकार देवाच्या दिव्यासाठी लावून दिलेला आहे, हे सारे एके काळी त्यांच्या तोंडपाठ असे. देवस्थानाचा एक दावा चालविताना आम्ही स्वतः वहीपेक्षा त्यांच्या स्मरणावरच अधिक विसंबलो होतो, आणि त्यात फसलो नव्हतो. तेच काका दोन वर्षांपूर्वी मृत्युपत्राचा मसुदा सांगण्यासाठी आमच्याकडे आले. सगळे सुरळीत सांगितले, पानसुपारी झाली, गेले. तीन आठवड्यांनी पुन्हा आले आणि, जणू प्रथमच येत आहोत अशा थाटात, तोच मसुदा त्याच शब्दांत सांगू लागले. आम्हांला वाटले, काका थट्टा करीत आहेत. आम्ही हसलोही. त्या हसण्याची आठवण झाली म्हणजे अजून ओशाळल्यासारखे होते.

बाईंच्या हातात एका रुग्णालयातून आलेला सात-आठ पृष्ठांचा इंग्रजी छापील कागद होता. तेथील डॉक्टरांस काकांचा दर सहा महिन्यांनी अभ्यास करावयाचा होता. काही प्रश्नोत्तरे, थोडे रक्त, मेंदूचे एक चित्र. औषध कोणतेही नाही. शेवटच्या पानावर दोन रेघा होत्या. एक ज्याच्यावर अभ्यास व्हावयाचा त्याच्यासाठी, दुसरी त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीसाठी. बाईंनी त्या रेघांवर बोट ठेवून विचारले, "वकीलबाब, हांगा सय कोणें करची?"

प्रश्न चार शब्दांचा. परंतु त्याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले, की या दोन रेघांच्या मागे सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा आहे. आणि तो जितका वैद्यकाचा आहे तितकाच, किंबहुना थोडा अधिकच, माणसांनी एकमेकांशी बांधून घेण्याचा आहे. आमच्या कुवतीप्रमाणे तो येथे मांडण्याचा विचार आहे.

आरंभी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. स्मृतिभ्रंश हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायामुळे आपणां सर्वांच्या कानांवरून गेलेला आहे. तेथे तो क्रोध आणि संमोह यांच्या पाठोपाठ येतो, म्हणजे मनाच्या अधोगतीची ती एक पायरी होय. दुसरीकडे "साठी बुद्धी नाठी" ही म्हण आणि म्हातारचळ हा शब्द आपण सहज वापरतो. एकात दोष आहे, दुसऱ्यात थट्टा आहे. रोग कोठेच नाही. ज्यास रोग मानलेच नाही त्यावर औषध शोधण्याची बुद्धी तरी कशी व्हावी? ही गत केवळ आपली नव्हे. ज्या देशांत या रोगाचे संशोधन आज शिगेला पोचले आहे तेथेही पाऊण शतक हीच समजूत होती.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात औगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. नवरा रेल्वेत नोकरीला होता. बाई संशयी झाली होती, घरातल्या वस्तू भलत्याच ठिकाणी लपवीत होती, आणि तिला काही लक्षात राहीनासे झाले होते. तेथील डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेली संभाषणे शब्दशः टिपून ठेवली. नवऱ्याचे नाव विचारले तर ती स्वतःचेच नाव सांगे. नाव लिहिण्यास दिले तर अर्ध्यावर थांबे, आणि आपण आपल्यालाच हरवून बसलो आहोत अशा अर्थाचे काही बोले. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली. तोवर अल्झायमर म्यूनिकला गेले होते. तिचा मेंदू तेथे मागवून त्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या आत तंतूंचा गुंता आणि पेशींच्या बाहेर कसल्याशा द्रव्याचे थर त्यांना दिसले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथील सभेत त्यांनी हे निवेदन केले. सभेत एकाही श्रोत्याने प्रश्न विचारला नाही. १९१० साली क्रेपेलिन या वजनदार प्राध्यापकाने आपल्या पाठ्यपुस्तकात या व्याधीस अल्झायमरचे नाव दिले, आणि प्रकरण तेथेच मिटले. औगुस्टची मूळ फाईल पुढे हरवली. ती फ्रँकफुर्टच्याच इस्पितळाच्या तळघरात १९९५ साली सापडली. ज्या बाईच्या विस्मरणापासून हा इतिहास सुरू होतो तिची कागदपत्रेही लोक विसरून गेले होते!

या कथेत आमच्या व्यवसायाच्या माणसास एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. त्या बाईला कोणी विचारले होते काय? तिचे बोलणे टिपून घेताना, किंवा मागाहून तिचा मेंदू मागवताना? त्या काळी असा प्रश्न कोणाच्या मनातही येत नसे. तो पुढे आला तो फार वेगळ्या आणि भीषण वाटेने. त्याकडे आपण वळणारच आहोत.

अल्झायमरचा रोग हा पन्नाशीच्या आतबाहेरच्या माणसांना होणारा एक दुर्मिळ विकार होय, आणि सत्तरीतल्या म्हाताऱ्याचे विसरणे म्हणजे रक्तवाहिन्या कडक झाल्याचा स्वाभाविक परिणाम, अशी वाटणी वैद्यकाने करून टाकली होती. ती मोडून काढणारे पहिले भरभक्कम काम इंग्लंडातील न्यूकॅसल येथे झाले. ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ या तिघांनी वृद्धांची बुद्धी ते जिवंत असताना मोजली, मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासले, आणि जितके विस्मरण अधिक तितके ते थरही अधिक, असा मेळ १९६८ साली दाखवून दिला. १९७६ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका छोट्याशा संपादकीयात स्पष्ट लिहिले, की म्हातारपणचा स्मृतिभ्रंश आणि अल्झायमरचा रोग बहुतांशी एकच, आणि तसे मानले तर त्या देशातील मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रम चौथा किंवा पाचवा लागेल. दोन पृष्ठांच्या लिखाणाने सरकारी खजिन्याचे दार किलकिले व्हावे असे क्वचितच घडते. येथे ते घडले. राष्ट्रीय वार्धक्य संस्था तेथे १९७४ च्या कायद्याने नुकतीच स्थापन झाली होती. रोग्यांची कुटुंबे गावोगाव आपापली लहान मंडळे चालवीत होती. १९८० पर्यंत त्यांची एक राष्ट्रीय संघटना उभी राहिली. इंग्लंडातील कुटुंबांनी त्याच्या आदल्याच वर्षी आपली संस्था काढली होती. वैद्यांच्या आधी कुटुंबे एकत्र आली, हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आता कोणी विचारील, की एवढे मोठे जाळे कशासाठी? क्षयावर किंवा देवीवर औषध काढणाऱ्यांनी अशा पसाऱ्याची वाट पाहिली होती काय? परंतु या रोगाची चालच निराळी आहे. तो वर्षानुवर्षे, मुंगीच्या पावलांनी येतो. औषधाने गुण आला की नाही हे दोन महिन्यांत कळत नाही. दीड-दोन वर्षे लागतात, आणि तेवढ्यात काही रोगी वारतात, काही गाव सोडतात, काहींची काळजी घेणारे माणूसच आजारी पडते. गुण आलाच तर तो इतका अल्प असतो की शेकडो रोग्यांची तुलना केल्यावाचून दिसत नाही. आणि एका रुग्णालयाच्या दारात तेवढे रोगी जमतही नाहीत. शिवाय विस्मरण मोजावयाचे कशाने? प्रत्येक गावचा कुडव निराळा असेल तर खंडीचा हिशेब जुळायचा नाही. आणि सर्वांत अवघड गोष्ट अशी, की हा रोगी एकटा येऊच शकत नाही. त्याच्याबरोबर कोणीतरी यावे लागते. काल रात्री काय झाले, आंघोळीला किती वेळ लागला, पैसे मोजता आले काय, हे त्या दुसऱ्याने सांगावे लागते. म्हणजे प्रत्येक नावामागे दोन माणसे हवीत.

१९८४ साली अमेरिकेच्या वार्धक्य संस्थेने पाच विद्यापीठांत अल्झायमर-केंद्रे काढली. आज ती तीसाहून अधिक आहेत. त्याच वर्षी निदानाची सर्वमान्य लक्षणे ठरली. १९८६ मध्ये सर्व केंद्रांत एकाच पद्धतीने प्रश्न विचारावेत म्हणून एक संयुक्त योजना निघाली. सगळ्यांच्या नोंदी एका जागी ठेवणारे केंद्र १९९९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात आले. कुडव एक झाला तो असा, हळूहळू.

परंतु जाळ्याची गरज खरी पटली ती एका फजितीमुळे. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील एका डॉक्टराने टॅक्रिन नावाच्या औषधाने १७ रोग्यांत आश्चर्यकारक सुधारणा झाल्याचे एका मातबर मासिकात प्रसिद्ध केले. सतरा! पण हताश कुटुंबांना सतरा हा आकडा पुरेसा होता. टेलिफोनची रीघ लागली, औषध मिळालेच पाहिजे असा गलका झाला. सरकार, कुटुंबांची संघटना आणि औषध-कंपनी यांनी मिळून अनेक केंद्रांत रीतसर चाचणी सुरू केली, तेव्हा पुष्कळांच्या यकृतावर परिणाम होतो असे आढळले आणि चाचणी काही काळ थांबवावी लागली. मूळच्या सतरा रोग्यांच्या नोंदीही सरकारी तपासणीत अपुऱ्या ठरल्या. शेवटी औषधाचा उपयोग अगदी थोडा आहे असे निघाले. १९९३ मध्ये त्याला परवाना मिळाला खरा, पण पुढे अधिक निर्धोक औषधे आली आणि ते मागे पडले.

त्या धांदलीतून १९९१ मध्ये एक कायम यंत्रणा उभी राहिली. सॅन डिएगोचे लिऑन थाल तिचे प्रमुख झाले. देशभरची केंद्रे एका करारात बांधलेली, एकच संहिता, एकच हिशेब, आणि ज्या औषधांत कंपन्यांना नफा नाही तीही तपासण्याची मुभा. १९९७ मध्ये तिने २३ केंद्रांतील ३४१ रोग्यांवर दोन वर्षे चाललेल्या चाचणीचा निकाल सांगितला. ई जीवनसत्त्वाने आणि सेलेजिलिन या औषधाने ऱ्हासाची गती काहीशी लांबते, असा थोडा आशादायक तो निकाल होता. त्यानंतर मात्र निकालांची जी रांग लागली ती "नाही", "नाही" अशीच. स्त्रियांना दिलेले इस्ट्रोजन, २००० साली, नाही. सूज उतरविणाऱ्या गोळ्या, २००३, नाही. ज्यांचे विस्मरण नुकतेच सुरू झाले होते अशा ७६९ जणांना ई जीवनसत्त्व देऊन पाहिले, २००५, तेथेही नाही. ब जीवनसत्त्वे, २००८, माशांच्या तेलातील द्रव्य, २०१०, नाही. थाल स्वतः २००७ मध्ये आपले लहान विमान चालवीत असताना अपघातात वारले.

ही नकारांची यादी वाचून कोणास वाटेल की एवढा पैसा आणि एवढी माणसे वाया गेली. आम्हांस तसे वाटत नाही. न्यायालयात खोटा दावा फेटाळला गेला म्हणजे एका घराचे संरक्षण होते, तसेच हे आहे. या निकालांपूर्वी ते तेल आणि त्या गोळ्या स्मरणशक्तीच्या नावाने विकणारे आणि घेणारे यांच्यामध्ये उभे राहण्यास कोणी नव्हते. आपल्याकडे तशा बाटल्या आजही जत्रेच्या फेरीत मिळतात, हा भाग वेगळा.

दुसरे जाळे २००४ मध्ये पडले, आणि आमच्या मते या इतिहासातील सर्वांत उदार गोष्ट तीच होय. सॅन फ्रान्सिस्कोचे मायकेल वायनर यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका व कॅनडातील पन्नासाहून अधिक ठिकाणी सुमारे ८०० वृद्धांची, काही निरोगी, काही किंचित विसरणारे, काही रोगी अशांची, मेंदूची चित्रे, रक्त आणि मणक्यातील पाणी वर्षानुवर्षे तपासण्याचे ठरले. खर्च सरकार आणि औषध-कंपन्या यांनी वाटून घेतला. आणि नियम असा केला, की जमलेली माहिती कोणीही आपल्या पेटीत कुलूप लावून ठेवावयाची नाही. ज्यांनी ती जमविली त्यांनाही पहिला हक्क नाही. जगातील कोणाही अभ्यासकाने रीतसर अर्ज करावा आणि घ्यावी. आमच्या किनाऱ्यावर रापण ओढतात तेव्हा दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळतो. येथे दोरीला हात न लावणाऱ्यालाही वाटा ठेवला होता. विद्वानांचे स्वभाव ठाऊक असलेल्यांस याचे मोल सांगणे नको.

ब्रिटनने निराळा मार्ग धरला. तेथे रुग्णालये सरकारचीच. म्हणून २००५ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या संशोधनाचे जाळे थेट आरोग्यसेवेच्या आत विणले गेले, आणि संशोधनासाठीच नेमलेल्या परिचारिका दवाखान्यांत बसू लागल्या. २०१५ मध्ये त्यांनी एक नोंदवही उघडली. रोग्याने, निरोगी माणसाने किंवा रोग्याच्या वतीने घरच्या माणसाने नाव घालून ठेवावे, आणि जो अभ्यास त्यांना जुळेल त्याचे निमंत्रण त्यांच्याकडे चालत यावे. जर्मनीने २००९ मध्ये बॉन येथे राष्ट्रीय केंद्र काढले, कॅनडाने २०१४ मध्ये आपले अभ्यासक एका संघात गोवले. फळ काय, असे विचाराल तर उत्तर विनयानेच द्यावे लागते. ज्यांच्या मेंदूत ते द्रव्य साचले आहे पण लक्षणे नाहीत अशा अकराशेंहून अधिक वृद्धांना साडेचार वर्षे एक औषध दिले गेले, आणि २०२३ मध्ये पुन्हा "नाही" हेच उत्तर आले. मात्र एका औषध-कंपनीने १,७९५ रोग्यांवर दीड वर्ष तपासलेल्या लेकॅनेमॅब या दुसऱ्या औषधाने ऱ्हासाची गती सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली, आणि २०२३ मध्ये त्यास अमेरिकेत परवाना मिळाला. रोग थांबत नाही, मंदावतो. आणि काहींच्या मेंदूस सूज येते, रक्तस्राव होतो. शंभर वर्षांनंतर हाती आलेले हे पहिले लहानसे "होय". रोग मोजण्याची जी मापे या जाळ्यांनी घडविली होती त्यांच्यावाचून तेही कळले नसते.

आता तो टाळलेला प्रश्न. १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल देताना न्यायाधीशांनी मनुष्यावरील प्रयोगांसाठी दहा नियम घालून दिले. पहिला नियम स्वेच्छेच्या संमतीचा. आणि संमती देणाऱ्यास ती देण्याची कायदेशीर क्षमता असली पाहिजे, असे त्यात स्पष्ट आहे. जे घडले होते ते पाहता हा नियम कठोर असणेच योग्य होते. पण त्याच अक्षरांनी चालावयाचे तर स्मृतिभ्रंशाच्या पुढच्या अवस्थेतील एकाही रोग्यावर संशोधन होऊ शकत नाही. म्हणजे दुर्बलांच्या रक्षणासाठी बांधलेल्या भिंतीने त्यांच्यासाठीचे औषधच बाहेर ठेवले असते. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने पालकाच्या संमतीची फट ठेवली. ब्रिटनच्या २००५ च्या मानसिक क्षमतेच्या कायद्याने ती वाट अधिक नीट बांधली. औषधांच्या चाचण्यांसाठी तेथे निराळे नियम आहेत, पण इतर संशोधनास रोग्याच्या जवळच्या माणसाचा सल्ला घ्यावा लागतो. रोग्याने स्वतः नापसंतीची खूण केली तर, मग ती शब्दांनी असो वा हात मागे घेऊन असो, तेथेच थांबावे लागते. आणि त्या माणसाचे हित शास्त्राच्या व समाजाच्या हितापेक्षा वरचढ मानावे असे कलमच आहे. कायद्याच्या पुस्तकात इतके सुसंस्कृत वाक्य आम्ही फारसे पाहिलेले नाही.

पाश्चात्त्य जाळ्यांतील मोठी उणीव अशी, की त्यांत सापडली ती बहुतेक गोरी, शिकलेली आणि मोठ्या रुग्णालयाजवळ राहणारी माणसे. जगातील बहुसंख्य रोगी तर आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत. ही विसंगती बोलून दाखविण्याचे काम आपल्याच देशात झाले. कोचीन येथे डॉ. जेकब रॉय कुरियाकोस यांनी १९९२ मध्ये अल्झायमर रोग्यांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली होती. त्याच गावी १९९८ मध्ये जागतिक परिषद भरली असता काही संशोधकांनी मिळून "दहा-सहासष्ट" असे विचित्र नाव घेतलेला एक गट काढला. ६६ टक्के रोगी विकसनशील देशांत आणि लोकवस्तीतील संशोधनाचा १० टक्केही वाटा त्यांच्याकडे नाही, असा त्या नावाचा अर्थ.

त्यांच्यापुढची पहिली अडचण मापाचीच होती. हरियाणातील बल्लभगड येथे १९९० नंतरच्या दशकात चांगल्या अभ्यासकांनी निरक्षरांस जुळेल अशी हिंदी प्रश्नावली परिश्रमाने तयार करून पाहणी केली, तेव्हा ६५ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण केवळ १.३६ टक्के निघाले. मग भारतीय म्हातारे विसरतच नाहीत की काय? २००८ मध्ये दहा-सहासष्ट गटाने आपले आकडे प्रसिद्ध केले. अमेरिकन मनोविकारशास्त्राच्या रूढ कसोटीने दक्षिण भारताच्या खेड्यांत प्रमाण अवघे ०.३ टक्के भरले. गटाने स्वतः बनविलेल्या कसोटीने मात्र पाहणी केलेल्या एकाही देशात ते ५.६ टक्क्यांच्या खाली उतरले नाही. फरकाचे एक मोठे कारण आपल्या घरातच आहे. रूढ कसोटी विचारते, की या माणसाच्या रोजच्या व्यवहारात बिघाड झाला काय? आपले वडील बाजाराला जात नाहीत, हिशेब पाहत नाहीत. सूनबाई पाट मांडते, ताट वाढते, धोतर काढून ठेवते. मग बिघाड दिसावा कोणास? एकत्र कुटुंबाच्या मायेने रोग झाकून ठेवला होता, असे म्हटले तर ते अगदीच चूक होणार नाही.

आणि गोव्याच्या वाचकांस कदाचित ठाऊक नसेल, की या जाळ्याचा एक महत्त्वाचा धागा येथेच वळला गेला. डॉ. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यातील लोकांशी बोलून २००१ मध्ये जे प्रसिद्ध केले त्यात असे आढळले, की स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोकांस परिचित आहेत, पण ती म्हातारपणाचीच चिन्हे समजली जातात. आणि कारण विचारले तर उत्तर येते ते मुलांनी केलेल्या हेळसांडीचे, मनस्तापाचे, मायेच्या अभावाचे. जी सून रात्रंदिवस राबते तिच्याच माथी गावाने अपराध मारावा, असा हा न्याय! पुढे डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्याच्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांची चाचणी केली. औषध नव्हते. थोडे शिक्षण दिलेल्या स्थानिक सल्लागार स्त्रिया सहा महिने घरी येत, रोग म्हणजे काय ते सांगत, राग कसा टाळावा, रात्रीची भटक कशी हाताळावी ते दाखवीत. मागे मनोविकारतज्ज्ञाचा आधार असे. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या कुटुंबांस ही मदत आधी आणि अर्ध्यांस मागाहून मिळाली. २००८ मध्ये निकाल आला: काळजी घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले, रोग्याच्या वागण्याचा त्यांना होणारा ताप कमी झाला. कोट्यवधींच्या औषध-चाचण्यांमधून इतके स्पष्ट "होय" त्या वर्षापर्यंत क्वचितच निघाले होते, आणि हे निघाले माणसाने माणसाच्या घरी जाण्यातून.

देशव्यापी गणतीही आता झाली आहे. वृद्धांच्या राष्ट्रीय पाहणीचा भाग म्हणून २०१७ ते २०२० या काळात ४,०९६ व्यक्तींची बारकाईने तपासणी झाली. तीवरून ६० वर्षांवरील भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांस स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांत तो पुरुषांपेक्षा अधिक आणि खेड्यांत शहरांपेक्षा अधिक. बंगळूरच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे. परंतु ब्रिटनसारखी नोंदवही, किंवा अमेरिकेसारखी चाचण्यांची कायम बांधलेली केंद्रे, एवढ्या मोठ्या देशास शोभतील अशी येथे अद्याप नाहीत.

त्याचे एक कारण अविश्वास, आणि तो निराधार नाही. औषध-चाचण्यांत गरिबांची फसवणूक होते अशी तक्रार घेऊन २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली. २०१३ पासून संमती घेतानाचे चित्रमुद्रण करण्याचा आदेश निघाला. २०१९ मध्ये नवे नियम आले आणि दुर्बल व्यक्तींच्या बाबतीत नव्या औषधांसाठी ते चित्रमुद्रण त्यांत कायम राहिले. २००९ पासून प्रत्येक चाचणीची सार्वजनिक नोंद सक्तीची आहे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आजाराच्या व्याख्येतच स्मरणाच्या विकाराचा उल्लेख केला आहे. त्या कायद्याच्या ९९ व्या कलमाप्रमाणे जो संमती देऊ शकत नाही पण विरोधही करीत नाही, अशा व्यक्तीवर काही शारीरिक उपाय करून संशोधन करावयाचे तर राज्य प्राधिकरणाची परवानगी आणि नामनिर्देशित प्रतिनिधीची संमती, दोन्ही लागतात. आणि दिलेली संमती केव्हाही परत घेता येते. केवळ प्रश्नोत्तरांपुरते संशोधन असेल तर अशा व्यक्तीचे काय करावे हे मात्र कलमात सरळ लिहिलेले नाही. मसुदा करणाऱ्यांस आमचा नमस्कार.

हे सारे त्या बाईंना सांगून उपयोग नव्हता. आम्ही इतकेच म्हटले, की कायदा आधी माणसाला समर्थच धरतो. तेव्हा आधी काकांनाच विचारू या. सकाळी, चहा झाल्यावर, कोकणीत, थोडे थोडे करून. बाईंनी आम्हांसही बोलावले. काकांनी आम्हांला पाहून "तूं कोणालो रे?" असे प्रेमाने विचारले, आम्ही वडिलांचे नाव सांगितले, ते त्यांना आठवले, आम्ही नाही. मग सुनेने समजावून सांगितले: डॉक्टर येतील, प्रश्न विचारतील, सुई टोचतील, यंत्रात निजावे लागेल. काकांनी विचारले, "म्हाका उपकारतलें?" ती म्हणाली, "ना मांव. फुडाराक कोणाक तरी." काका थोडा वेळ अंगणाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "जाय जाल्यार घेवंदी." दहा मिनिटांनी त्यांनी त्या कागदाकडे बोट दाखवून हे काय आहे असे विचारले.

दहा मिनिटे टिकणारी संमती ही संमती होय काय? आम्ही पुस्तके चाळली. मग बाईंना सांगितले, की निराळ्या तीन दिवशी, दर वेळी अगदी नव्याने, असेच विचारावे आणि उत्तर लिहून ठेवावे. तिन्ही वेळा काकांना आदले काही आठवले नाही. तिन्ही वेळा त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि ऐकून घेऊन तोच जबाब दिला. चौथ्या दिवशी त्यांनी पहिल्या रेघेवर आपल्या जुन्या वळणदार मोडणीत सही केली. वर्ष मात्र १९८७ घातले. बाईंनी दुसऱ्या रेघेवर सही केली, आणि आम्ही त्या तिन्ही तारखांचे टिपण जोडून, चुकलेले वर्ष तसेच ठेवून, कागद रुग्णालयाच्या नीतिसमितीकडे पाठविला. समितीचे उत्तर अजून यावयाचे आहे.